घरातला संगणक आणि त्याचा फिटर



आजच्या विषयाची पाटी बाहेर लागली, तेव्हा आमच्या युनियनमधल्या एका स्नेह्याने मला विचारले, "बोनस, ग्रॅच्युइटी, कंत्राटी कामगार हे सगळे प्रश्न सुटले वाटते?" ते सुटलेले नाहीत, आणि आपण बोलावलेत तर त्यांवरही मी बोलेन. परंतु माझे निम्मे आयुष्य कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात गेले आहे. शाळा दहावीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते यंत्राजवळ उभे राहून आणि वाचनालयातली पुस्तके घरी नेऊन झाले. म्हणून आपल्या घरोघरी आलेल्या एका यंत्राविषयी मेंटेनन्सच्या माणसाने चार शब्द बोलावेत, यात विषयांतर आहे असे मला वाटत नाही.

संगणक आणि कामगार चळवळ यांचे नाते जुने आहे आणि ते प्रेमाचे नव्हते. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हणताच कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला. बँकांमध्ये तर कोणत्या कामासाठी किती यंत्रे आणायची यावर वाटाघाटी होऊन १९८३ साली करार झाला. त्या विरोधाची आज थट्टा होते. पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. यंत्रावर हुकमत कोणाची, हा तो प्रश्न होता. यंत्र आता कचेरीतून आपल्या घरात आले आहे आणि प्रश्नही त्याच्या मागोमाग आला आहे. पैसे आपण मोजले, बिल आपल्या नावाचे. पण त्याचे झाकण उघडायची आपली छाती होत नाही, आणि ते आजारी पडले की परका माणूस सांगेल ते आपण निमूटपणे ऐकतो. ही कसली मालकी?

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' नावाचा संगणक सुरू झाला. आपल्या देशात घडवलेला तो आरंभीचा मोठा संगणक. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. एवढ्या नळ्यांचे यंत्र म्हटले म्हणजे त्याची निगा राखणारी जाणती माणसे हाताशी हवीतच. आज त्याच्या कितीतरी पट काम करणारे यंत्र आपल्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत, टेबलाखाली, चपलांच्या शेजारी बसले आहे. यंत्र घरी आले. त्याचा फिटर मात्र आला नाही. हा फिटर घरातच तयार व्हावा, हे आजच्या व्याख्यानाचे सार आहे.

प्रथम पेटीच्या आत काय आहे ते पाहू. आपण सगळ्या पेटीलाच 'सीपीयू' म्हणतो. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा काडेपेटीहूनही लहान चौकोन असतो, आणि त्यातली जी चकती प्रत्यक्ष काम करते ती बोटाच्या नखाएवढी. घरगुती संगणकातला साधा प्रोसेसर ६५ वॉटच्या आसपास वीज घेतो. पूर्वीचा ६० वॉटचा काचेचा दिवा आठवा. त्याला हात लावला तर चटका बसे. तेवढी उष्णता येथे नखाएवढ्या जागेतून बाहेर पडते. ती वाहून नेण्यासाठी प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो, त्याला हीटसिंक म्हणतात, आणि त्यावर पंखा असतो. दोन धातूंमधली सूक्ष्म फट भरून काढायला मध्ये मलमासारखी पेस्ट लावलेली असते. याशिवाय मोठा पट म्हणजे मदरबोर्ड, त्यात उभ्या खोचलेल्या रॅमच्या पट्ट्या, माहिती साठवणारी डिस्क, आणि घरच्या विजेपासून यंत्राला मानवेल अशी वीज करून देणारा पत्र्याचा डबा, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात. झाले. यात मंत्रतंत्र काही नाही.

या यंत्राचा पहिला शत्रू धूळ. आपल्या गावांत तिला तोटा नाही. घोडबंदर रस्त्याला इमारती उठत आहेत, रस्ते खणले जात आहेत. खिडकी उघडावी तर सिमेंट आत येते आणि लावून घ्यावी तर घर भाजून निघते. घरातही फोडणीचा तेलकट धूर आहे, उदबत्तीची राख आहे, कापसाचा पिंजर आहे. पंखा ही सगळी मिसळ दिवसभर आत ओढतो. तेलाने ती चिकट होते आणि हीटसिंकच्या पात्यांवर घोंगडीसारखा थर बसतो. पंखा फिरताना दिसतो, पण वारा पलीकडे जातच नाही.

मग काय होते? आजचा प्रोसेसर शहाणा आहे. त्याच्या पोटात तापमापक असतो. उष्णता १०० अंश सेल्सिअसच्या घरात पोहोचली की जळू नये म्हणून तो आपला वेग आपणच कमी करतो. आमच्या भाषेत सांगायचे तर त्याने 'गो स्लो' पुकारलेला असतो! त्याची मागणी एवढीच असते की मला श्वास घेऊ द्या. पण ती मागणी कोणी ऐकत नाही. "यंत्र जुने झाले, हळू चालते," असे आपण म्हणतो, दुकानदार मान डोलावतो, आणि हप्त्यावर नवे यंत्र येते. जुन्या यंत्राला खरोखरी हवी असते ती एक ब्रशाची तासाभराची मेहनत. प्रत्येक मंद यंत्र धुळीनेच मंद होते असे मी म्हणत नाही. रॅम अपुरी असेल, डिस्क थकली असेल. पण पंखा मोठ्याने घोंघावतो, पेटी बाजूने तापते आणि काम वाढताच वेग पडतो, ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर नवीन यंत्राचा विचार करण्याआधी झाकण उघडावे.

उष्णतेची दुसरी किंमत सावकाश चुकवावी लागते. मदरबोर्डवर आणि एसएमपीएसमध्ये नळकांड्यासारखे कपॅसिटर असतात. त्यांपैकी अनेकांच्या आत पातळ द्रव असतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा हिशेब इंजिनियर मंडळी धरतात. आपल्याकडे वैशाखात खोलीच ३५ अंशांवर असते. त्यात धुळीने आणखी दहाची भर घातली तर काय उरणार? कपॅसिटरचे सपाट डोके फुगलेले दिसले तर त्याचे दिवस भरले असे समजावे.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर टिपून घ्यावी.

संगणक रीतसर बंद करावा. भिंतीतले बटण बंद करून वायर पेटीतून काढावी. मग पेटीचे चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज बरीचशी निघून जाते. पेटी गॅलरीत किंवा गच्चीवर न्यावी, नाहीतर सगळी धूळ घरातच पसरेल. नाकातोंडाला रुमाल बांधावा. झाकण काढल्याबरोबर मोबाइलवर दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत. कोणती वायर कोठे होती हे नंतर आठवत नाही, आणि त्यात लाज नाही.

आतल्या कशालाही हात लावण्याआधी पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावावा. अंगावर स्थिर वीज साठते. ती आपल्याला जाणवते ती हजारो व्होल्ट झाल्यावर. आतल्या नाजूक भागांना त्याहून पुष्कळ कमी विजेने इजा होऊ शकते. आपल्याकडच्या दमट हवेत ही वीज फार साठत नाही. पण हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत, नायलॉनचे कपडे घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून हे काम करू नये.

मग नवा, कोरडा, मऊ केसांचा रंगाचा ब्रश घ्यावा आणि वरून खाली धूळ सैल करत यावे. त्यानंतर हातपंपाने किंवा लहान ब्लोअरने, थोड्या अंतरावरून, ती उडवावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. नाहीतर तो भलत्याच वेगाने भिरभिरतो आणि त्याचे बेअरिंग खराब होते. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी आत घालू नये, तिच्यावर स्थिर वीज साठते. ओले फडके तर मुळीच नको. फुंकरही मारू नये, तिच्याबरोबर थुंकी जाते.

रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून सरळ वर काढावी. तिच्या कडेला सोनेरी दात असतात. ते काळवंडले असतील तर पांढऱ्या मऊ खोडरबराने अगदी हलक्या हाताने पुसावेत. हे काम पेटीपासून दूर करावे, कीस झटकावा आणि पट्टी 'टक्' असा आवाज होईपर्यंत बसवावी. पुन्हा पुन्हा घासू नये. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. आमच्या एका सभासदाच्या मुलीचा संगणक परीक्षेच्या तोंडावर बंद पडला. पडदा काळा, नुसती शिट्टी वाजत होती. एका दुरुस्तीवाल्याने "मदरबोर्ड गेला" म्हणून कित्येक हजारांचा खर्च सांगितला. रॅम काढून, पुसून बसवली आणि यंत्र चालू झाले. त्या माणसाला लुबाडायचेच होते की त्याला कळलेच नाही, हे मला सांगता येणार नाही. पण त्या बापाला आतले काही ठाऊक नसल्यामुळे त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच होते.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी ३ व्होल्टची एक पेशी असते, सीआर २०३२ या क्रमांकाची. ती संपली की यंत्र आपली तारीख विसरते. तारीख चुकली की बँकेचे पान उघडत नाही, आणि माणसाला वाटते की आपले खाते कोणी लुटले! थोड्या रुपयांत ही पेशी मिळते आणि दोन मिनिटांत बदलते.

पेस्टचे काम जरा हाताचे आहे. दर वर्षी ते करण्याची गरज नाही. काही वर्षांनी, स्वच्छता करूनही यंत्र तापत असेल तरच करावे. हीटसिंक काढण्यापूर्वी यंत्र दहा मिनिटे चालवून गरम करावे, मग बंद करून, वायर काढून, ठोकळा किंचित डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. काही प्रोसेसरच्या पोटाला शेकडो बारीक पिना असतात, आणि सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच उपटून येतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून, तुरीच्या दाण्याएवढी नवी लावावी. जास्त लावली म्हणजे जास्त थंड होते, हा गैरसमज आहे.

आणि एक सक्त मनाई. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये. त्यात २३० व्होल्टची वीज सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश दाबात साठवली जाते, आणि वायर काढल्यानंतरही ती कपॅसिटरमध्ये काही काळ राहू शकते. बाहेरूनच त्याच्या जाळीवर ब्रश मारावा. आत पाल किंवा झुरळ मरून पडले असेल, आणि आपल्याकडे ते असतेच, तर जाणकाराकडे द्यावे. कोठे थांबायचे हे ज्याला कळते तोच खरा फिटर. मी कारखान्यात हात गमावलेली माणसे पाहिली आहेत.

विजेचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट. पेटीच्या पत्र्याला उघड्या पायांनी हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार चाळीतून आणि जुन्या इमारतींतून फार येते. त्याचा अर्थ बहुधा असा की घराला अर्थिंग नाही, किंवा कोणीतरी तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडून तो दोन भोकांत बसवला आहे. एसएमपीएसमधून जी अल्पशी वीज जमिनीत जायला हवी, ती वाट न मिळाल्यामुळे पत्र्यावर उभी राहते. झिणझिण्या हा निरोप आहे. त्या संगणकामुळे कळल्या. पण त्याच घरात गीझर आहे, इस्त्री आहे, धुण्याचे यंत्र आहे, आणि त्यांत बिघाड झाला तर तेथे नुसत्या झिणझिण्या येणार नाहीत. परवानाधारक वायरमन बोलावून आधी अर्थिंग तपासून घ्यावे.

दुसरा शत्रू ओल. आपण खाडीकाठची माणसे. पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तेथे संगणकाची काय कथा? पण येथे उपाय सोपा आहे. पावसाळ्यात यंत्र रोज थोडा वेळ चालवावे. त्याच्या स्वतःच्या उबेने ओल हटते. महिनोन्महिने झाकून ठेवलेले यंत्र एकदम चालू करू नये. आणि पेटी जमिनीवर ठेवू नये. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीचे पाणी कल्याण-बदलापूरच्या घरांत शिरले, तेव्हाचे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. हातभर उंचीचे स्टूल पुरानंतर वाचवणार नाही, पण फरशी पुसतानाच्या पाण्यापासून आणि तळच्या धुळीपासून रोज वाचवील. पाणी गेलेच तर 'चालतो का बघू' म्हणून बटण दाबू नये. यंत्राचा घात बहुतेक वेळा पाण्यापेक्षा या उतावळेपणाने होतो. वीज तोडावी, लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर काढावी, आणि जाणकाराला दाखवीपर्यंत सुकू द्यावे. तांदळाच्या डब्यात ठेवून काही साधत नाही. तांदळाचे पीठ मात्र आत जाते.

येथवर सांगितलेले सगळे शत्रू ब्रशाने, पेचाने आणि थोड्या शिस्तीने हटणारे आहेत. तिसरा शत्रू तसा नाही. तो हवेत असतो.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि आपल्या ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. पुढे डोंबिवलीला रसायनांचे कारखाने आले. त्या कारखान्यांनी आम्हाला भाकरी दिली, हे मी विसरणार नाही. पण डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, हेही विसरता येत नाही. उघड्या नाल्यांतून आणि सांडपाण्यातून सडक्या अंड्याचा जो वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू तांब्याला आणि चांदीला काळे करतो. देवघरातली चांदीची निरांजने ज्या कारणाने काळवंडतात, त्याच कारणाने मदरबोर्डवरचे तांबे काळवंडते. युरोपात १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतले शिसे कायद्याने हटवण्यात आले. त्यानंतर काही बोर्डांवर चांदीचा पातळ मुलामा येऊ लागला, आणि गंधकयुक्त हवेत त्यावर काळे क्षार पसरून दोन तारा जोडल्या जाऊ लागल्या. यंत्र बाहेरून नवे, आतून मेलेले. येथे ब्रश काही करू शकत नाही.

मोठमोठ्या संगणकगृहांना हे पक्के ठाऊक आहे. खाडीपलीकडे ऐरोलीला अशी गृहे उभी आहेत. या धंद्यात हवा मोजण्याची एक रीत आहे. तांब्याची आणि चांदीची पट्टी ३० दिवस खोलीत टांगून ठेवतात आणि तिच्यावर किती काळा थर आला ते मोजतात. यंत्रांना निर्धोक अशा हवेत हायड्रोजन सल्फाइड एक अब्ज भागांत ३ भागांपेक्षा कमी असावा, असे त्या धंद्यातले मानक सांगते. आता दुसरा आकडा ऐका. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात विषारी द्रव्यांच्या मर्यादा घालण्यात आल्या. त्यात आठ तासांच्या पाळीसाठी याच वायूची मर्यादा होती दहा लाख भागांत १० भाग. म्हणजे अब्जात दहा हजार. यंत्राला तीन आणि माणसाला दहा हजार!

रसायनशास्त्र शिकलेले कोणी येथे असतील तर ते म्हणतील की ही तुलना सरळ नाही. एक आकडा धातूवर वर्षानुवर्षे चढणाऱ्या काळिम्याचा आहे, दुसरा शरीराने एका पाळीत सोसण्याचा. त्यांचे म्हणणे खरे आहे. चांदी आणि फुप्फुस यांची जात एक नव्हे. माझा मुद्दा आकड्यांच्या भागाकारापेक्षा वेगळा आहे. यंत्र बिघडले तर कोणाचे तरी भांडवल बुडते, म्हणून त्याच्या खोलीत पट्टी टांगली जाते आणि दर महिन्याला वाचली जाते. नाल्याकाठच्या चाळीत पट्टी कोण टांगतो? तेथे ती निरांजने टांगल्यासारखीच आहेत, फक्त त्यांचे मोजमाप कोणी घेत नाही. आपल्या संगणकाच्या पेटीत जे साचते, तेच आपल्या मुलांच्या छातीत जाते. पेटी निदान उघडून पाहता येते.

म्हणून मला यंत्र उघडण्याचा एवढा आग्रह आहे. आत पाहिलेला माणूस प्रश्न विचारू लागतो: ही धूळ कोठली, हे तांबे हिरवे-काळे का झाले, वर्षात तीनदा बोर्ड का जातो? एका घराने विचारले तर तक्रार होते. एका वसाहतीतल्या शंभर घरांनी तारीखवार नोंद ठेवून विचारले तर प्रदूषण मंडळाला उत्तर द्यावे लागते. संघटना म्हणजे दुसरे काय असते?

यंत्राचे आयुष्य संपल्यावरचाही एक शब्द. भंगारवाल्याला दिलेला मदरबोर्ड कोठेतरी उघड्यावर जाळला जातो किंवा तेजाबात बुडवला जातो, आणि तो धूर कोणातरी मजुराच्या, पुष्कळदा पोराच्या, नाकात जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी ई-कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. डिस्कवरची आपली माहिती पुसून यंत्र नोंदणीकृत संकलन केंद्रातच द्यावे. आणि त्याहून उत्तम म्हणजे त्याला आणखी चार वर्षे जगवावे.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने आपल्या कचेरीत एक डबा ठेवावा. त्यात दोन स्क्रूड्रायव्हर, एक ब्रश, एक लहान ब्लोअर, पेस्टची नळी, खोडरबर आणि दोन पेशी असाव्यात. खर्च एका घराच्या एका दुरुस्तीहून कमी येईल. पावसाळ्यापूर्वीचा एक रविवार आणि दिवाळीच्या साफसफाईतला एक, असे वर्षातून दोन दिवस ठरवावेत. मुलांच्या हाती पेच द्या, मुलींच्या हाती आधी द्या. सेवानिवृत्त फिटर, वायरमन, रेल्वेच्या कार्यशाळेतली माणसे या गावांत गल्लोगल्ली आहेत. त्यांना शेजारी बसवा. कारखाने बंद झाले आणि त्यांच्या हातातली विद्या घरी बसली आहे. तिला पुन्हा काम मिळेल, आणि आपल्या घराला फिटर मिळेल.